आत्याबाईंनी सोडलेलं तूप

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. नात्यानं त्या माझ्या आत्या नाहीत. आमच्या मराठवाड्याकडे सासूला हाक मारायची ती पद्धत आहे आणि हैदराबादेत येऊन पिढ्या झाल्या तरी ती सुटलेली नाही. तर या आत्याबाई एकदा माहूरला जाऊन देवीला नवस बोलून आल्या, की सुनेच्या मांडीवर लेकरू येईपर्यंत ती तूप खाणार नाही. ती म्हणजे मी. नवस त्यांचा, देवी त्यांची आणि तूप सोडायचं मी! मला विचारायची गरज ना त्यांना वाटली ना देवीला.

मला हे कळलं ते जेवताना. वरणभातावर घ्यायला मी तुपाच्या भांड्याकडे हात केला, तर त्यांनी भांडं उचलून पलीकडे ठेवलं.

"तुला नक्को आता. देवीला बोललेय मी."

"बोललात तुम्ही, मग सोडा की तुम्ही."

"लेकरू कुणाला व्हायचंय? मला?"

यावर माझं डोकं आणखी तापलं. मी नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवते. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही, हे मुलींच्या डोक्यात भरण्यात माझा दिवस जातो. तुपाचा आणि गर्भाचा देवीमार्फत काही संबंध असतो हे मी मानणं शक्यच नव्हतं. तरी त्या दिवशी मी कोरडा वरणभात खाल्ला, दुसऱ्या दिवशीही खाल्ला, आणि मग खातच राहिले.

कारण नुकतंच आमचं पहिलं आयव्हीएफ फसलं होतं. पोटावर रोज इंजेक्शनं टोचून घेतली होती, अंडी बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार केला होता, तो परत आत सोडला होता, आणि एवढं सगळं करून रक्ताच्या तपासणीनं शेवटी 'नाही' म्हणून सांगितलं होतं. मी बाथरूमचा नळ मोठा सोडून रडले होते. चाळिशी जवळ आली होती. आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं, आणखी एकदाच. तेही नाही झालं तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. अशा वेळी देवी आहे की नाही हा वाद घालून तिच्याशी वाकडं कोण घेणार? मला मूल हवं होतं, फार हवं होतं. तूप गेलं तर गेलं.

ती वर्षं वेगळ्या राज्याच्या चळवळीची. आज बंद, उद्या रास्ता रोको, परवा शाळेला सुट्टी. आमचे हे सरकारी कचेरीत. तिथं कामापेक्षा, राज्य तुटलं तर कोण इकडे राहणार आणि कोणाला तिकडे धाडणार, याचीच चर्चा जास्त. आत्याबाईंना मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या लहान असताना जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली होती आणि त्यांचं गाव एका फटक्यात दुसऱ्या राज्यात गेलं होतं. पुढं लग्न होऊन त्या जामबागेत आल्या त्या इथल्याच झाल्या. "राज्य तुटतंय अन् जुळतंय," त्या म्हणायच्या, "आपली चूल हाय तिथंच हाय."

तर त्या चुलीवर काय चाललं होतं ते सांगायला हवं. आत्याबाईंना कुणाचं कोरडं ताट बघवत नाही. नवस बोलून बसल्या खऱ्या, पण मी रोज सुकी पोळी तोडतेय हे त्यांच्या जिवाला लागायला लागलं. मग त्यांनी तोडगा काढला. माझ्या पोळीला, पराठ्याला, शिऱ्याला त्या वनस्पती तूप लावू लागल्या. डब्यातलं ते पांढरंशुभ्र, घट्ट, रवाळ. देवीला गाईम्हशीचं तूप बोललं होतं. हे तर कारखान्यातलं, याला नवसाची आडकाठी कशाची? त्यात बेकरीतून उस्मानिया बिस्किटं यायची, खारी यायची. संध्याकाळी मी शाळेतून दमून आले की समोर मिरचीची भजी, आणि तळून उरलेलं तेल परत झाकून ठेवलेलं, उद्याच्या तळणीला. त्यांच्या हिशेबानं नवसही पाळला जात होता आणि सूनही उपाशी नव्हती. मीही मिटक्या मारत खात होते, खोटं कशाला बोलू.

त्यात त्यांची श्रीमंतीची कल्पनाही होती. त्यांच्या लहानपणी घरचं तूप बाजाराला जायचं आणि पोरांच्या वाट्याला जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी यायची, वर घाण्यावरचं करडईचं तेल. शहरातून पाहुणा आला की वनस्पतीचा डबा आणायचा, आणि त्या दिवशी घरात पुऱ्या व्हायच्या. त्या पुऱ्या त्यांच्या मनात कायमच्या बसल्या होत्या. जवस म्हणजे गरिबी आणि डबा म्हणजे थाट. आपल्या सुनेला त्या थाटात ठेवत होत्या.

दुसऱ्या खेपेची तयारी करायला आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा आत्याबाई हट्टानं बरोबर आल्या. डॉक्टरीणबाई तेलुगू, वयानं माझ्याएवढ्याच, बोलायला मोकळ्या. माझे कागद चाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "खाने में क्या चलता?"

माझ्याआधी आत्याबाई बोलल्या. त्यांची दखनी त्यांच्या मराठीइतकीच सफाईदार. "सब अच्छा खिलाती मैं. घी बंद है, मन्नत है. लेकिन सुक्का नहीं खाने देती. वनस्पती डालती, भरपूर!"

"भरपूर?"

"हौ! रोटी पे, शिरे में. ऊपर से बिस्किटां. भजियां."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांनी रागावून नाही, अगदी समजावून सांगितलं. हे जे डब्यात आहे ते साधं तेल, कारखान्यात घट्ट केलेलं. घट्ट करताना त्याचा गुण पालटतो, आणि तसली चरबी हृदयाला वाईट तशी बाईच्या अंड्यांनाही चांगली नसावी असं दिसतंय. बेकरीच्या मालात तीच असते. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेलही नको. त्यापेक्षा तीळ खा, जवस खा, शेंगदाणे, अक्रोड खा, चालत असतील तर मासे खा, ताजं तेल वापरा. जी अंडी आपण तीन महिन्यांनी काढणार ती आत्तापासून पिकायला लागतात, तेव्हा सुरुवात आजच करायची.

"मैं ये नहीं बोल री कि तेल बदले तो बच्चा हो जाता," त्या म्हणाल्या. "ऐसा कोई बोला तो उसका भरोसा नक्को करो. लेकिन दवाई मेरे हाथ में है, चूल्हा तुमारे हाथ में है. वो तो ठीक रखो."

"और घी?" मी मुद्दाम विचारलं.

"एक-दो चमचे खाए तो मेरेकू क्या तकलीफ? सुक्का कायकू खाते?"

मी विजयी मुद्रेनं आत्याबाईंकडे वळले. आता बघा, असं म्हणायला माझी जीभ वळवळत होती. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मी नुसतेच टेबलावरचे कागद गोळा केले. मुळातल्या गोऱ्यापान बाई काळ्याठिक्कर पडल्या होत्या. घरी येताना ऑटोत त्यांनी माझे कागद मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

घरात शिरल्या त्या तडक देव्हाऱ्यापाशी. मला वाटलं, रडतायत. मी दाराशी गेले तर त्या देवीशी चांगल्या खणखणीत आवाजात बोलत होत्या.

"बाई गं, ऐकू लालीस का? पोरीचं नाव काढ. माझं धर. तूप मी सोडलं आजपासून. तळलेलंबी सोडलं. ही खाईल. हिला खायला पायजे, डॉक्टरीण बोललीय. मी वंगाळ खाऊ घातलं हिला, मला ठावं नव्हतं. तुला तरी ठावं होतं का? असतं तर तू बोलली असतीस. तर आता माझं नाव. ध्यान ठेव."

एवढं बोलून त्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी यांना सांगितलं तर हे हसत सुटले. "आमच्या कचेरीत एका बदलीसाठी वर्ष वर्ष लोक ताटकळतात," हे म्हणाले, "आईनं देवीकडून उभ्या उभ्या करून आणली."

मी हसले नाही. तूप म्हणजे आत्याबाईंना काय होतं हे मला माहीत होतं. भाताची मूद फोडून मधे खळगा करायच्या, त्यात तूप ओतायच्या, क्षणभर वास घ्यायच्या आणि मगच वरण. लोणी कढवताना कोणी मधे बोललेलं त्यांना खपायचं नाही, आणि खाली राहिलेली बेरी साखर घालून त्या एकट्याच खायच्या, कोणाला विचारायच्यासुद्धा नाहीत. तूप हा त्यांचा एकुलता एक चैनीचा विषय होता. रात्रीच्या जेवणाला त्यांनी माझ्या भातावर दोन चमचे तूप घातलं, स्वतःच्या भातावर नुसतं वरण घेतलं आणि जेवायला लागल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, असलं काही करू नका. मी नाही मानत नवस-बिवस."

"तू कुठं मानायचंय? मी मानते ना. खा."

माझ्या स्वतःच्या आईनं माझ्यासाठी खूप केलं असेल, पण माझ्यासाठी असं रोजच्या रोज, डोळ्यांसमोर काही सोडलेलं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. त्या रात्री मला त्या बाईंची माया आली. आजवर होती ती सासू म्हणून मर्यादा होती, ही माया वेगळी.

मग तीन महिने आमच्या घरात नुसता धुमाकूळ. वनस्पतीचा डबा रिकामा करून घासून त्यात आत्याबाईंनी तुळस लावली. उस्मानिया बिस्किटं बंद झाली, त्यावर हे दोन दिवस चहाशी रुसले. आम्ही दोघी अफझलगंजला गेलो. तिथल्या दुकानांत पोती उघडी असतात, आत्याबाई प्रत्येक पोत्यात हात घालत, दाणा दाताखाली फोडत, दुकानदाराशी तेलुगूत भांडत. जवस घेतले, कारळे घेतले, काळे-पांढरे तीळ घेतले, घाण्याचं करडईचं तेल घेतलं. जे सगळं गावाकडचं म्हणून त्यांनी आयुष्यभर लपवलं होतं ते पिशव्या भरभरून घरी आलं. जवस भाजताना तडतडायला लागले तशी त्यांच्या तोंडून माहेरच्या गोष्टी यायला लागल्या. लसूण, मिरची, मीठ घालून त्यांनी ती चटणी कुटली आणि माझ्या भाकरीवर डोंगर रचला. रविवारी मरळ मासा, तिळाच्या आणि सुक्या खोबऱ्याच्या रश्श्यात. दुपारच्या डब्यात अक्रोड. एक दिवस मी वैतागले.

"तीळ, जवस, शेंगदाणे, परत तीळ! मी काय म्हैस आहे, पेंड चारताय ती?"

आत्याबाई उखळावरून मान न उचलता म्हणाल्या, "म्हैस असतीस तर कवाच व्याली असतीस."

त्यांनी जीभ चावली. मग मला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि माझं बघून त्यांनाही. दोघी भिंतीला टेकून पोट धरून हसलो. त्या विषयावर, इतक्या वर्षांत, मी पहिल्यांदा हसले होते.

अंडी काढायचा दिवस ठरला आणि नेमका त्याच दिवशी बंद पुकारला गेला. इकडे वेळ चुकवून चालत नाही. आधी दिलेल्या इंजेक्शनला धरून ती ठरलेली असते, उशीर झाला तर अंडी हातची जातात. सकाळी रस्त्यावर ऑटो नाही, बस नाही. यांनी स्कूटर काढली. मी मागे बसले. एवढ्यात आत्याबाई नऊवारीचा काष्टा सावरत माझ्याही मागे चढल्या.

"आई, तीन माणसं कशी मावतील?" हे म्हणाले.

"चार हाईत, अजून एक येऊ लालंय. चालव!"

काचीगुड्याच्या चौकात झेंडे घेऊन पंचवीस-तीस माणसं रस्त्यावर बसली होती. त्यांनी आम्हाला अडवलं. हे गयावया करायला लागले, मी दवाखान्याची चिठ्ठी शोधायला लागले. आत्याबाई स्कूटरवरून उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अरे बाबा, तुमकू तुमारा राज होना! मेरेकू मेरा लेकरू होना! तुमारा राज आज नहीं तो कल आता. मेरी बहू का टैम गया तो गया. छोडो!"

मग मधला एक मिशीवाला गृहस्थ उठला, त्यानं हात जोडून "पदम्मा, पो" म्हटलं, म्हणजे चल आई, जा. गर्दी दुभंगली. आम्ही निघालो तशी मागून घोषणा आली, आणि आत्याबाईंनी मागं वळून तितक्याच जोरात तिला साथ दिली. मला त्या बाईचा असा अभिमान वाटला की काय सांगू. आम्ही वेळेत पोचलो.

अंडी मागच्यापेक्षा बरी निघाली. त्यातून एक चांगला गर्भ तयार झाला आणि काही दिवसांनी तो आत सोडला. मग नुसती वाट बघणं. त्या दिवसांत मी घरात पाऊलही जपून टाकत होते, शिंकायलाही भीत होते. रक्त दिलं त्या दिवशी आम्ही तिघंही दवाखान्यातच बसून राहिलो. मी शिपायाच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि मनात पाढे म्हणत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं. डॉक्टरीणबाई नर्सला न पाठवता स्वतः बाहेर आल्या, तेव्हाच मी उठून उभी राहिले.

"हो गया," त्या म्हणाल्या.

मी त्यांना मिठी मारली, यांना मारली, शिपायालाही मारायची राहिली. आत्याबाई मात्र बाकावरच बसून होत्या. दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरून हुंदके देत होत्या. त्यांना उठवायला आम्हा दोघांना हात द्यावा लागला.

पुढचे महिने निभले. उन्हाळा सरत आला आणि नवं राज्य झालं. गल्लीगल्लीत गुलाल, फटाके, मिरवणुका. त्याच धामधुमीत माझी मुलगी जन्मली. फटाके कशाचे ते अख्ख्या शहराला माहीत होतं, पण आत्याबाईंनी ते आपल्या नातीच्या नावावर मांडून टाकले. त्यांनीच तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. मी चिडवलं, "नवसात मुलगा मागितला नव्हता का?"

"घाईत इसरले," त्या म्हणाल्या, आणि नातीच्या कपाळाला कपाळ लावून बसल्या.

डॉक्टरीणबाई बघायला आल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "मेरी दवाई, तुमारी अलसी, अम्मा की मन्नत. किसका काम हुआ, कौन बोल सकता?" अलसी म्हणजे आपला जवस. मी मनात मांडून बघितलं. तीन अज्ञात संख्या आणि समीकरण एकच. सुटणार नाही हे उघड होतं, आणि मला त्याची जराही रुखरुख वाटली नाही.

लेकरू मांडीवर आलं, नवस फिटला, पण आत्याबाई तूप खाईनात. माझे डिंकाचे लाडू, माझा अळिवाचा लाडू, सगळं स्वतः तुपात वळून मला भरवत होत्या आणि स्वतः कोरडं जेवत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या हातचं खाईन." आता मला वर्गात काहीही शिकवायला सांगा, पण तूप मला कधी जमलं नव्हतं. तरी बाळंतपणातून उठल्यावर मी साय साठवली, विरजण लावलं, घुसळलं, लोणी काढलं आणि एका सकाळी कढवायला ठेवलं. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दाराशी नातीला मांडीवर घेऊन बसल्या. कढवताना मधे बोलायचं नाही हा आपलाच नियम त्या पाळत होत्या, पण त्यांची नजर माझ्या पाठीला टोचत होती. लोण्याचा आवाज बसला, बुडबुडे बारीक झाले, बेरी बदामी झाली, मी विड्याचं पान टाकलं आणि गॅस बंद केला. करपलं नव्हतं. माझ्या आयुष्यातलं पहिलं न करपलेलं तूप.

दुपारी मी त्यांना वाढलं. त्यांनी मूद फोडून खळगा केला. मी तूप ओतलं. त्या वाकल्या, डोळे मिटून वास घेतला, आणि वरण घेऊन भात कालवला. पहिला घास उचलला तो माझ्या तोंडापुढे धरला.

"आत्याबाई, हे तुमचं आहे."

"मीच तर तुझं हिसकलं व्हतं पयल्यांदा. आ कर."

मी आ केला. घास गिळताना डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही. दुसरा घास त्यांनी स्वतः घेतला, सावकाश चावला, आणि तिसरा घ्यायच्या आधी ताट माझ्यापुढे सरकवलं.

"घाल आणिक. हात आखडू नको, आता कुणाचं भ्याव न्हाई."